एकाच पायरीवरचं पाणी

३ मार्च

चिमटे,

तुझी तीन पत्रं उशीखाली आहेत आणि उशी आता मानेला टोचायला लागली, म्हणून लिहायला बसलो. पहिलं आलं तेव्हा पेन नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी पेन होतं, पण ते मी कुणाला तरी दिलं आणि तो गाव सोडून गेला. तिसऱ्याच्या वेळी सगळं होतं, कागद, पेन, रविवार. तेव्हा मग लाज आडवी आली. सोडा आणायला म्हणून लाँड्रीतून निघालेल्या माणसानं तीन वर्षांनी काय लिहायचं? सोडा मिळाला नाही, असं?

पण आता सांगण्यासारखं आहे. तुझ्या आईला सांग, आत्यानं वाढवलेलं पोर अगदीच वाया गेलं नाही. मी नदी समितीचा सदस्य आहे. हसू नकोस. मला बिल्ला आहे, आणि चाकाची खुर्ची आहे. दिवसभर त्या खुर्चीवर मी खिडकीपासून कपाटापर्यंत जातो आणि परत येतो.

झालं असं, की इथं समितीच्या ऑफिसात मी भिंतीवर मासे रंगवायला आलो होतो. मधल्या दोन वर्षांत काय काय केलं ते वेगळं सांगेन, एका ठिकाणी तर मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून न्यायचो, त्यात एकदा एक पेटी उघडली, तर ते राहू दे. मी शिडीवर होतो. खालून सचिव म्हणाले, वय किती? म्हटलं बावीस. शाळा? म्हटलं नववी, त्यातही जूनपर्यंतच. ते म्हणाले, उत्तम. समितीत पंचविशीच्या आतलं एक माणूस असलंच पाहिजे असा नवा नियम आलाय. आधी दोन कॉलेजची मुलं घेऊन बघितली होती, पण ती फार प्रश्न विचारायची. मला कसलाच प्रश्न नव्हता. शिडीवरून उतरलो आणि सदस्य झालो. शेवटचा मासा अजून बिनडोळ्याचा आहे.

काम सोपं आहे. दर तीन महिन्यांनी सहा बाटल्या घ्यायच्या, सायकल काढायची आणि नदीकाठानं खाली जात सहा जागांचं पाणी भरायचं. पहिली जागा आमच्या ऑफिसच्या मागची पायरी, सहावी बावीस किलोमीटर खाली. बाटल्यांना ना कारखान्याच्या माणसानं हात लावायचा, ना ऑफिसातल्या. फक्त युवा सदस्यानं. बूच लावायचं, दोरा गुंडाळायचा, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून सही करायची. ती सही फाटलेली नसली की प्रयोगशाळा पाणी खरं मानते. बघ, एवढी मोठी नदी आणि खरं-खोटं माझ्या सहीवर.

बाटल्या भरायच्या दिवशी पहिल्या जागेच्या पायरीवर एक नाववाला होडीचं इंजिन उघडून बसला होता. त्याची एक स्प्रिंग चिखलात पडली होती, करंगळीएवढी. मी म्हटलं शोधू लागतो. शोधता शोधता चार वाजले. सापडली ती शेवटी त्याच्याच शर्टाच्या घडीत. आता चार वाजता बावीस किलोमीटर कोण जाणार? मग मी विचार केला, नदी एकच आहे. इथलं पाणी संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी खाली जाणारच, मी सायकल दामटून त्याच्या आधी तिथं पोचून काय मोठं करणार? सहाच्या सहा बाटल्या तिथंच भरल्या. सही मात्र एकही चुकवली नाही. सचिवांनी पाठ थोपटली.

चोवीस तारखेला मोठी सुनावणी आहे. कापडाच्या रंगाई कारखान्याला नदीत दुसरी पाइप सोडायची आहे. त्याआधी पाण्याचा अहवाल मी वाचायचा, माइकवर. नवा शर्ट घेतलाय.

आत्याच्या हातांना खाज सुटते असं तू लिहिलं होतंस. तेल लावून बघ म्हणावं.

तुझा,
भोवरा


९ मार्च

भोवऱ्या,

तुझं पत्र मी लाँड्रीच्या मागे, चादरी वाळतात तिथं उभं राहून वाचलं. इंजिनाच्या ठिकाणी हसले. पुढच्या चार ओळी दोनदा वाचल्या.

सहावी जागा कुठली आहे, लेबलावर वाचलंस का तू? "वसाहतीचा पंप". कुठली वसाहत असेल असं वाटतं? हाच पंप, गाढवा. आईनं तुला ज्याच्याखाली धरून धुतलं तोच. लाँड्रीचं पाणी त्यातूनच येतं आणि आमच्या घागरीतलंही. तुझ्या आणि आमच्या मधे रंगाई कारखाना आहे. तुझ्या पायरीवरचं पाणी त्याच्या वरचं, आमचं त्याच्या खालचं. आपल्या पायांनी ते येतं खरं, पण वाटेत काय काय पायाला लावून येतं ते बघायला ये एकदा.

तेल लावून झालं. डॉक्टरचं मलमही झालं. दिवसाला आठ तास आईचे हात त्या पाण्यात असतात. आधी खाज होती, मग कातडी निघायला लागली, बोटांच्या पेरांमधून. आता ती हातमोजे घालते तर आत पाणी साचतं आणि हातमोजे काढताना कातडी बरोबर येते. मालक म्हणतो, चादरीवर डाग दिसला तर बघ. डाग रक्ताचा की नदीचा ते तो विचारत नाही.

आम्ही इथं सात जण जमलोय, सगळे विशीतले. लोक आम्हाला पंपमंडळ म्हणतात, चेष्टेनं. रोज सकाळी उशीच्या जुन्या अभ्र्याची एक पांढरी पट्टी पंपाखाली तासभर धरायची, वाळवायची, तारीख लिहायची आणि दोरीला चिमट्यानं लावायची. एकशे चाळीस पट्ट्या झाल्या. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशीची पट्टी पांढरी असते, बाकीच्या चहासारख्या. लहान पोरालाही कळेल. त्या चोवीस तारखेच्या सुनावणीसाठी आम्हीच अर्ज केलाय. पंपाजवळचं पाणी तपासा, ही सहावी जागा यादीत घाला, ही मागणी आमची. सहा महिने हेलपाटे घातले तेव्हा ती जागा यादीत आली. आणि तिथलं पाणी भरायला तू आलास. म्हणजे आला नाहीस.

आता ऐक. तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. आईला फक्त बिल्ल्याचं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, खुर्ची खरंच चाकाची आहे का.

सचिवाकडे जा आणि सांग की बाटल्या चुकल्या, परत भरायच्या आहेत. तुला काय होईल? बिल्ला जाईल. एवढंच. जा.

चिमटा


१४ मार्च

चिमटे,

गेलो. सांगितलं.

लेबल मी नीट वाचलं नव्हतं गं. सहा आकडा तेवढा बघितला. वाचलं असतं तर रांगत आलो असतो.

सचिव चिडले नाहीत. मलाच आश्चर्य वाटलं. दार लावून घेतलं, मला बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाले, तुमच्यासारखा प्रामाणिक मुलगा या खुर्चीत होता म्हणून हे कळलं तरी. सुनावणीत सगळं नीट मांडता येईल, तुम्ही तोपर्यंत कुठं बोलू नका, गोंधळ होतो. आणखी कुणाला माहीत आहे का, असंही विचारलं. मी म्हटलं, फक्त बहिणीला, पत्रातून. ते म्हणाले, असू दे.

तेव्हा तू काळजी सोड. माणूस भला आहे. त्यांच्या टेबलावर एक काचेचा गोळा आहे, आत बुडबुडे, तो उन्हात धरला की भिंतीवर नदीसारखं काहीतरी हलतं. अर्धा तास मी तेच बघत होतो.

पट्ट्या घेऊन ये. सगळ्या आण. पुढच्या रांगेत तुझ्यासाठी आणि आत्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवतो. आत्याला सांग, नवा शर्ट निळा आहे.

भोवरा


२८ मार्च

भोवऱ्या,

शर्ट चांगला होता. आईसुद्धा म्हणाली.

तू आमच्याकडे बघितलं नाहीस तेव्हा तुला काय काय दिसलं नाही, ते सांगते. दोन खुर्च्या खरंच राखलेल्या होत्या, शब्दाचा पक्का आहेस. तू माइकपाशी गेलास तेव्हा आई शेजारच्या बाईला म्हणाली, माझा भाचा. त्या बाईनं तिच्या हातांकडे बघितलं आणि खुर्ची जराशी सरकवून घेतली.

तू वाचलंस. पहिली जागा, पाणी उत्तम. दुसरी, उत्तम. सहावीपाशी तू अडलास, तर सचिवानं पुढे होऊन तुझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तू प्यायलास आणि वाचलंस. वसाहतीचा पंप, उत्तम. मी वाट बघत होते. मला वाटलं आता कागद खाली ठेवशील. तू कागद खाली ठेवलास, घडी घातलीस आणि जाऊन बसलास.

मग आमची पाळी. आमच्यातल्या दोघांनी दोरी धरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकशे पंचावन्न पट्ट्या. कारखान्याचा इंजिनिअर उठून जवळ आला, एक पट्टी दोन बोटांत धरली, हुंगली आणि म्हणाला, कपडे वाळलेत सगळे, काढून घ्या, नाहीतर पाऊस यायचा. सभागृह हसलं. आमच्या वसाहतीतले लोकही हसले, भोवऱ्या. आमच्या पाठीमागेच बसलेले. मग सचिवानं सांगितलं की फडकं म्हणजे मोजमाप नव्हे, मोजमाप म्हणजे सीलबंद बाटली, आणि ती आपल्याच एका तरुणानं स्वतःच्या हातानं भरली आहे, या तरुणांनी त्या तरुणाकडून शिकावं. तुझ्याकडे हात करून म्हणाला. तू मान खाली घातलीस. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं होतं. उभी राहिलेही होते. आईला माहीत नव्हतं ते काय आहे, पण अक्षर तिनं ओळखलं आणि माझ्या तोंडाकडे बघून बाकीचं. तिनं हात माझ्या हातावर ठेवला. पट्टी बांधलेला, ओला. दाबताना तिलाच दुखलं असणार. म्हणाली, "बस. सगळ्यांसमोर नको. आपला आहे तो."

मी बसले. आयुष्यात तिचं एवढं एकच ऐकायला नको होतं.

दुसरी पाइप मंजूर झाली, तुला माहीतच आहे. पंपमंडळातले चौघं दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. एकाच्या बापानं त्याला पट्ट्या जाळायला लावल्या, अंगणात, सगळ्यांदेखत. लाँड्रीच्या मालकानं आईला सांगितलं की असे हात गिऱ्हाइकाला दिसले तर बरं नाही, तू आता घरीच बस. एकोणीस वर्षांनंतर. तिनं विचारलं, आतल्या खोलीत उभी राहिले तर? तो नाही म्हणाला.

घरी आल्यावर तिनं ते पत्र मागून घेतलं. मला वाचून दाखवायला लावलं, दोनदा. स्प्रिंग शर्टाच्या घडीत सापडली तिथं हसली.

चिमटा


७ एप्रिल

चिमटे,

मारायचं तर मार, पण आधी ऐक.

त्या दिवशी सुनावणीच्या आधी दहा मिनिटं सचिवांनी मला आत बोलावलं. प्रयोगशाळेचा कागद पुढे ठेवला. सहा ओळी. सहाही ओळींत तेच आकडे, दशांशासकट. ते म्हणाले, "नदी इतकी शिस्तीची असते होय? हा कागद आला त्या दिवशीच मला कळलं होतं. तुम्हाला शिडीवर बघितलं तेव्हाच अंदाज होता." मग शांतपणे समजावलं. सह्या माझ्या. खोट्या सीलवर सही म्हणजे गुन्हा, आणि तो माझा, समितीचा नव्हे. ऑफिसच्या माणसानं बाटलीला हात लावायचा नाही हा नियम किती चांगला आहे बघा, असं म्हणाले. ते सतरा वर्षं त्या खुर्चीत आहेत, त्यांची सही कुठंच नाही. मला तुरुंगातल्या खोलीचं माप सांगितलं, लांबी-रुंदी. तुला माहीत आहे मी बंद खोलीत झोपू शकत नाही.

आणि मग म्हणाले, अहवाल वाचलात तर मे महिन्यात तरुणांची मोठी परिषद आहे, समुद्रापलीकडे. आपल्या नदीच्या वतीनं एकानं बोलायचंय. विमानानं.

मी विमान बघितलंय फक्त पोटाकडून.

आता एक मागतो. मी मूर्खासारखं त्यांना पत्राचं सांगून बसलोय. ते रोज विचारतात. ते पत्र जाळून टाक. आत्याला सांग मी मागितलंय. ती माझं कधी मोडत नाही. परिषदेहून आलो की मी स्वतः सहाव्या जागेचं पाणी भरीन, पुढच्या खेपेला, खरं. तीन महिने फक्त. पाणी काय पळून जातंय?

भोवरा


१८ एप्रिल

माननीय युवा सदस्य यांस,

पाणी पळून जात नाही. बोटं जातात.

आईच्या उजव्या हाताची दोन बोटं मंगळवारी काढली. तर्जनी आणि मधलं. आत हाडापर्यंत सडलं होतं. डॉक्टरनं विचारलं, हात कशात घालत होतात? ती म्हणाली, पाण्यात. तो म्हणाला, साध्या पाण्यानं असं होत नाही. टेबलावर जुनं वर्तमानपत्र होतं, त्यात तुझा अहवाल छापलेला, निळ्या शर्टातल्या फोटोसकट. त्यानं तोच तिला दाखवला. आई म्हणाली, हो, बरोबर आहे, साध्यानं नाही होत. फोटो फाडून मागितला. त्यानं दिला.

पत्र माझ्याकडे नाही. तिनं कुठं ठेवलंय ते ती सांगत नाही. तुझा निरोप तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. "ती माझं कधी मोडत नाही", हेही. डाव्या हातानं घागर उचलून बघत होती.

कदाचित जाळलंही असेल. तुझं दैव चांगलं असतं नेहमी.

मला पुन्हा लिहू नकोस.

चिमटा


२९ एप्रिल

चिमटे,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. ही सवय तुझीच, नको म्हटलं की करायचं.

परवा विमान आहे. बॅग भरून इथं ऑफिसातच ठेवलीय, टेबलाखाली. भाषण सचिवांनी लिहून दिलं. "मी नदीच्या मांडीवर वाढलो" अशी सुरुवात आहे. आत्याच्या मांडीवर वाढलो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या पानावर असं आहे की आमच्याकडे निर्णयाच्या टेबलाशी तरुण बसतात. आरशासमोर पाच वेळा म्हटलं. हातवारेही त्यांनीच सांगितलेत, "बसतात" म्हणताना दोन्ही तळवे उघडायचे. माझे तळवे स्वच्छ आहेत, चिमटे. बघत बसलो होतो मघाशी. रंगकामाचे डागसुद्धा गेले.

तुझं शेवटचं पत्र आल्यापासून एक गोष्ट तुला सांगायची आहे आणि मी रोज दुसरंच काहीतरी करतो. काल त्या बिनडोळ्याच्या माशाला डोळा काढला. जरा मोठा झाला. आता तो सगळीकडे बघतो.

गोष्ट अशी. लेबल मी वाचलं होतं.

सकाळी बाटल्या पिशवीत भरतानाच वाचलं होतं. "वसाहतीचा पंप". स्प्रिंग दहा मिनिटांत सापडली होती. नाववाला इंजिन लावून निघूनही गेला होता. मी तिथंच बसून राहिलो. साडेदहालाच. मला माहीत होतं की दुपारी मी पोचेन त्या वेळेला आत्या पंपापाशी असते, चादरी खळबळत. मी सायकलवरून येईन, ती वर बघेल, आणि विचारेल, सोडा कुठंय? ओरडली असती तर चाललं असतं. पण ती ओरडत नाही. ती म्हणाली असती, आलास? जेवलास का? एवढ्याला भिऊन मी सहा बाटल्या एका पायरीवर भरल्या. चारपर्यंत पाण्यात दगड मारत होतो, उशीर झाला असं मला स्वतःलाच सांगता यावं म्हणून.

त्या दिवशी आलो असतो तर तिचे हात मी स्वतःच बघितले असते. सहावी बाटली भरली असती. बोटं होती तेव्हा.

हे मी आत जाऊन सांगणार आहे असं लिहायला घेतलं होतं. सचिव आत आहेत, अध्यक्षबाईही आहेत, आज बैठक आहे, माझीही आहे, खुर्ची मांडलेली आहे. दार उघडंच आहे. सकाळपासून चार वेळा उठलो. एकदा खिडकीवरच्या कबुतरासाठी बसलो, एकदा बुटाची नाडी. परिषदेहून आल्यावर सांगितलं तर जास्त वजन येईल असंही वाटतं. त्यावर विचार

थांब, शिपाई आला.

शिपाई रजिस्टर घेऊन आलाय, बाहेरून येणाऱ्यांचं. वैतागलाय. म्हणतो, एक बाई पहिल्या बसनं आल्यात, बाकावर बसल्यात, एकट्याच. एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली बाटली, आणि एक पत्र दातांत धरलंय. बाटली खाली ठेवायला तयार नाहीत. सही केल्याशिवाय कुणाला आत सोडता येत नाही असं त्यानं सांगितलं. त्यावर त्यांनी पत्र काखेत धरलं आणि म्हणाल्या, मला सही जमत नाही आता. आत माझा भाचा बसतो. तो करेल. तो कुणासाठीही करतो.

शिपायानं विचारलं, काम काय लिहू? तर म्हणाल्या, तेही त्यालाच लिहू दे.

रजिस्टर माझ्यापुढे उघडं आहे. नावाचा रकाना, कामाचा रकाना, सहीचा रकाना. शिपाई म्हणतो तुम्हीच भरा, पेनही तेच, मी ज्यानं हे लिहितोय. दुसरं नाही म्हणतो.

आत्या आली आहे.